एका सेकंदाच्या अंतरावर

क्रॉफर्ड गाव मागे पडतं, धरणाचं पाणी मागे पडतं आणि थोड्याच वेळात डांबरही संपतं. पुढचे अकरा-एक किलोमीटर कच्चा रस्ता. दोन्हीकडे तारेची कुंपणं, कुंपणाआड चरणारी गुरं, त्यापलीकडे करड्या झुडपांचं माळरान. सप्टेंबरचा मध्य, सकाळचे साडेनऊ. समोरून अजून एकही गाडी आलेली नाही.

भाचा आरशात मागची धूळ बघतो. "मावशी, नक्की याच बाजूनं जायचंय ना? पलीकडे पक्का रस्ता आहे, माहिती केंद्र आहे, सगळं आहे."

"सगळे तिकडेच जातात रे. आपण इकडे बसू."

हे कोलोरॅडोमधलं ब्लॅक कॅन्यन ऑफ द गनिसन राष्ट्रीय उद्यान. 1933 पासून राष्ट्रीय स्मारक आणि 1999 पासून राष्ट्रीय उद्यान. गनिसन नदीनं कापलेल्या घळीला दोन काठ आहेत, पण वर एकही पूल नाही. माँट्रोझकडून येणारे दक्षिण काठावर उतरतात, आणि बहुतेक जण तिकडूनच येतात. या काठावरून त्या काठावर जायचं तर गाडीनं दोन-तीन तासांचा वळसा. उत्तर काठाचा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो.

तंबूंसाठी आखलेल्या जेमतेम तेरा जागा, एक छोटी रेंजर चौकी, बस्स. गाडी लावून आम्ही चॅझम व्ह्यूची पायवाट धरतो. अर्ध्या किलोमीटरचा फेरा आहे, पण मी पहिल्याच वळणावर थांबते. जुनिपरचं झाड पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं वळलेलं आहे. साल उभ्या पट्ट्यांनी सुटलेली, हाताला अगदी काथ्यासारखी लागते. एका बाजूचं लाकूड वाळून रुपेरी झालंय आणि दुसऱ्या बाजूनं तेच झाड निळसर फळांनी भरलंय. फळ चोळलं की वरची पांढुरकी भुकटी बोटाला लागते. शेजारच्या पिन्यन पाइनच्या खोडावर राळेचा थेंब घट्ट झालाय. त्याचा वास पुढे तासभर माझ्या चिमटीत राहतो.

झाडी संपते आणि पुढे जमीनच नसते.

कठडा आहे, तरी पाय आधीच मागे सरतात. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघायची शरीराला सवय आहे, इथंही गुडघे आपोआप वाकतात. पण सह्याद्रीचा कडा थराथरानं उतरतो, नजरेला टप्पे मिळतात. इथं टप्पाच नाही. उत्तरेची भिंत जवळजवळ सरळ खाली जाते, 1,820 फूट. तळाशी पांढऱ्या फेसाचा तुटक दोरा, तो गनिसनचा. समोरचा काठ फक्त 1,100 फुटांवर. म्हणजे घळ रुंद आहे त्याहून कितीतरी खोल. तळात काही ठिकाणी दिवसाला जेमतेम अर्धा तास ऊन पोचतं, काळी घळ हे नाव त्यावरूनच आलंय.

हा दगड सुमारे 170 कोटी वर्षं जुना आहे. आपला बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. इतक्या जुन्या, टणक खडकात नदी एकदा अडकली की तिला आडवं पसरता येत नाही, खालीच जावं लागतं. गेली सुमारे वीस लाख वर्षं ती तेच करतेय. उतारही तिला विलक्षण मिळालाय. उद्यानाच्या हद्दीत ती किलोमीटरमागे सरासरी आठ मीटर उतरते. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदी दीड मीटरही उतरत नाही.

डावी-उजवीकडे मान फिरवत भाचा पेंटेड वॉल शोधून काढतो. 2,250 फुटांची ही भिंत कोलोरॅडोतला सगळ्यात उंच कडा. काळ्या अंगावर गुलाबी-पांढऱ्या शिरा आडव्यातिडव्या धावतात. खडकाला तडे गेले तेव्हा आत शिरलेला हा वितळलेला दगड, सावकाश निवला म्हणून त्यात मोठमोठे स्फटिक झाले. दुर्बिणीची गरज नाही, तसलाच एक पट्टा माझ्या बुटाशी आहे. गुलाबी फेल्डस्पार, मधे दुधी गारगोटी आणि नखाएवढे अभ्रकाचे पापुद्रे. एकावर एक, वहीच्या पानांसारखे. मी वाकले की चमकतात, उभी राहिले की विझतात.

मग आम्ही बसतो. भाचा पाण्याची बाटली उघडतो, खाली ठेवतो, आणि काही बोलायला जातो तर मीच हात वर करते. ऐकू येतंय. आधी वारा वाटला होता. वारा पडला तरी तो आवाज तसाच आहे, अखंड, घुमणारा. नदीच आहे ती. इतक्या खोलवरून वर यायला त्या आवाजाला दीड सेकंद लागतो. कानाजवळून एक पाकोळी सूंऽऽ करून घळीत झेपावते, तेवढ्यापुरता तो तुटतो.

1901 मध्ये अब्राहम लिंकन फेलोज आणि विल्यम टॉरन्स या घळीतून पार झाले, एक रबरी गादी घेऊन, नऊ दिवसांत. पलीकडच्या अनकंपाग्रे खोऱ्यातल्या शेतीला या नदीचं पाणी बोगद्यातून नेता येईल का, ते त्यांना बघायचं होतं. 1909 मध्ये तो बोगदा झाला, नऊ किलोमीटरांचा. पुढे वरच्या अंगाला तीन धरणंही आली. शेताला पाणी हवंच, ते मला कळतं. पण त्या दोघांच्या कानांनी जी नदी झेलली ती ही नव्हे. आज वर येतो तो तिचा आवरून धरलेला आवाज आहे, आणि तो तरी ऐकायला माणसानं इथं बसावं असं मला फार वाटतं.

समोरच्या कठड्याशी माणसं येतात. लाल जाकीट, पांढरी टोपी. फोन वर होतात, खाली होतात, माणसं जातात. दुसरी येतात. आमच्या एका बैठकीत पाच घोळके होऊन गेले.

सहाव्या घोळक्यात एक लहान मूल आहे. ते कठड्याच्या दांड्यांमधून आमच्याकडे बघतं आणि दोन्ही हात एकमेकांवर आपटतं. हात मिटलेले दिसतात. काहीच नाही. मग, हात पुन्हा उघडलेले असताना, टाळी येते.

"एक सेकंद!" भाचा उठून उभाच राहतो. "अकराशे फूट, मावशी. बरोबर एक सेकंद!"

तो हात डोक्यावर नेऊन जोरात दोन टाळ्या वाजवतो. आम्ही दोघं श्वास रोखून समोर बघतो. मूल स्तब्ध उभं आहे. आणि मग जागच्या जागी उडी मारतं.