डासांची मोजदाद
कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात, जेथे मालमोटारींची वर्दळ असते, तेथे टाकून दिलेल्या टायरच्या पोकळीत पावसाचे ओंजळभर पाणी साचले, तरी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीस तेवढे पुरते. आणि तिची कडेला चिकटलेली अंडी, पाणी आटल्यावरही, बियाण्याप्रमाणे कित्येक महिने तग धरतात, हे मला सर्वांत चिंताजनक वाटते. म्हणूनच एखाद्या इलाख्यातील धोका अजमावताना केवळ उडत्या डासांवर विसंबून न राहता, शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती सापडली, याची नोंद करतात. हाच ब्रेटो निर्देशांक. मात्र उघड्या पिंपातून जेवढे डास निपजतात, तेवढे कुंडीखालच्या ताटलीतून निपजत नाहीत, हा भेद त्या आकड्यात उमटत नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. सबब तपासणी दर आठवड्यास व्हावी, रुग्ण आढळण्याची वाट पाहू नये.