समान नाम, भिन्न व्यक्ती : पुराणकथांतील ‘राम’ आणि पितृनामाचे प्रयोजन

प्रस्तावना :
पुराणकथांच्या अध्ययनात नामसाम्यामुळे एका व्यक्तीचे चरित्र दुसरीस जोडले जाण्याचा धोका संभवतो. चिपळूणजवळील परशुराम क्षेत्रामुळे रत्नागिरी जिल्ह्यास सुपरिचित असलेले भार्गवराम, अयोध्येचे रामचंद्र आणि श्रीकृष्णाचे ज्येष्ठ बंधू बलराम या तिघांचेही मूळ नाव ‘राम’ हेच होय. ‘परशु’ व ‘बल’ ही पदे जोडलेली नावे आज रूढ असल्याने हे साम्य सहसा जाणवत नाही. संस्कृत ग्रंथ वाचताना मात्र ते वारंवार समोर येते.

विवेचन :
वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात दोन राम समोरासमोर येतात. तेथे ‘दाशरथि’ व ‘जामदग्न्य’ ही पितृनामे भेद स्पष्ट करतात. बलरामास ‘रौहिणेय’ हे मातृनाम लाभले आहे. जेथे असे विशेषण नसते, तेथे निर्णय भाष्यकारास करावा लागतो. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातील ३१व्या श्लोकात शस्त्रधाऱ्यांमधील श्रेष्ठ म्हणून केवळ ‘राम’ असा निर्देश आहे. परशुधारी जामदग्न्यही येथे संभवतो. तथापि शांकरभाष्य ‘दाशरथि’ असा अर्थ देते आणि ज्ञानेश्वरीही रावणवधाच्या उल्लेखाने तोच अर्थ स्वीकारते.

ग्रीक पुराणकथांतही हीच पद्धती दिसते. ट्रॉयच्या युद्धात अजॅक्स नावाचे दोन वीर ग्रीकांच्या बाजूने लढले : एक टेलामनचा पुत्र, दुसरा ओइलियसचा. अथेनाच्या मंदिरात कॅसान्ड्रावर अत्याचार केल्याचा दोष दुसऱ्याकडे जातो. पितृनाम गाळल्यास तो निरपराध वीराच्या माथी येतो.

कुलनाम मात्र या कामी पुरेसे ठरत नाही. ‘भार्गव’ हे नाम शुक्राचार्यांसही लागू पडते. त्याचप्रमाणे ‘ईआकसचा वंशज’ म्हटल्यास अकिलीझ आणि टेलामनपुत्र अजॅक्स हे दोघेही त्यात येतात, कारण दोघेही ईआकसचे नातू होत.

निष्कर्ष :
सारांश, पितृनाम हे केवळ गौरवाचे विशेषण नसून व्यक्तिनिश्चितीचे साधन आहे. भाषांतरात वा अध्यापनात सुलभतेसाठी ते गाळणे म्हणजे ग्रंथकाराने केलेला भेद पुसून टाकणे होय. संदर्भसूची करताना नाव, पितृनाम आणि ग्रंथातील प्रसंग यांची एकत्र नोंद ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.