घरचा तंटा आणि वकिलाची निवड



आपल्या नागोठण्यात पूर्वी तंटा होई तो शेताच्या बांधावरून, वहिवाटीच्या वाटेवरून किंवा शेजारच्या पागोळीवरून. अंबेच्या काठी आता मजल्यांच्या इमारतीही उभ्या राहिल्या. पागोळीची जागा वरच्या बिऱ्हाडातून झिरपणाऱ्या पाण्याने घेतली, आणि बांधाचे भांडण सोसायटीच्या सभेत आले. शब्दाला शब्द वाढतो, कोणीतरी ‘कोर्टात भेटू’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी वकिलाचा जिना चढतो. त्या जिन्यावर पाय ठेवण्यापूर्वी काय जाणावे, एवढाच आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट, दाद कोठे मागायची? मुंबईत गावदेवीस सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हापासून अशा संस्थांचा पसारा वाढतच गेला. त्यांच्यासाठी १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे. सभासद आणि संस्था यांच्यात सभा, कारभार वा व्यवहार यांवरून वाद झाला, तर कलम ९१ प्रमाणे तो सहकार न्यायालयाकडे जातो. थकलेल्या वर्गणीच्या वसुलीचा दाखला निबंधकाकडून मिळतो. बांधणाऱ्याने इमारतीचे खरेदीखत करून दिले नाही, तर १९६३ च्या सदनिका कायद्यात २००८ साली घातलेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. जमिनीच्या मालकीचा वा वहिवाटीचा दावा मात्र दिवाणी न्यायालयाचा.

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न ‘आपण जिंकू ना?’ हा विचारू नये. ‘हे प्रकरण कोठे चालेल, आणि का?’ हा विचारावा. जो कागद वाचल्यावाचून जिंकण्याची हमी देतो, त्याच्यापेक्षा ‘कागद ठेवून जा, वाचून सांगतो’ म्हणणारा बरा. पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची आणि मालकीहक्काने स्थावराचा ताबा मागण्यास बारा वर्षांची मुदत असते. चुकीच्या दारी गेलेला काळ वजा मिळू शकतो. पण आपण सद्भावाने व तत्परतेने वागलो, हे तेव्हा सिद्ध करावे लागते.

दुसरी गोष्ट, वकील कोणाचा? संस्थेने नेमलेला वकील संस्थेचा असतो. अध्यक्षांचा नव्हे, चिटणीसांचाही नव्हे. त्याची नेमणूक आणि फी ठरावात नोंदवलेली असावी, कारण पैसा सर्व सभासदांचा असतो. ज्याचे भांडण संस्थेशीच आहे, त्याने आपला वकील वेगळा पाहावा.

तिसरी गोष्ट फीची. मसुद्याचे किती, तारखेचे किती, टंकलेखन व कोर्ट फी कोणाकडे, हे आरंभीच कागदावर घ्यावे आणि पैसे दिल्यावर पावती मागावी. यात संकोच कसला? दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवण्यास मात्र वकिलांच्या नियमांनीच मनाई आहे. वकीलपत्र वाचूनच सही करावी, आणि मूळ दस्त देताना यादीवर पोच घ्यावी. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने फी थकली म्हणून फायली अडकवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की, फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी मागण्यास त्याला दुसरे मार्ग आहेत.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाखालील माणसे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. न्यायालयात चालू असलेला दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

शेवटी एवढेच सांगतो. दाव्याचा निकाल लागला तरी त्याच जिन्यावरून दोघांना रोज जायचे असते. म्हणून तडजोड होण्याजोगी असेल तेथे ‘मिटवा’ असे स्पष्ट सांगणारा वकील मिळाला, तर त्याला आपला हितचिंतक समजावे. आणि हक्कच बुडत असेल, तर मुदत संपण्याची वाट पाहत घरी बसू नये.