संगणकातला कृमी हाताने काढताना

२००७ सालच्या सुमारास आपल्याकडे अनेक घरांतल्या आणि सायबर कॅफेंतल्या संगणकांवर एक अजब चौकट दिसू लागली. ऑर्कुट हे त्या काळचे लोकप्रिय संकेतस्थळ उघडायला जावे, तर खिडकी आपोआप बंद होई आणि 'ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पुढे येई. फायरफॉक्स उघडला, तर 'इंटरनेट एक्स्प्लोअरर वापर' अशी तंबी मिळे. ऑर्कुटवरील काही मजकुरावरून त्याच सुमारास महाराष्ट्रात आंदोलने झाली होती. त्यामुळे ही बंदी खरीच असावी असे एखाद्याला वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात हा एका संगणक-कृमीचा उद्योग होता. तो 'हीप४१ए' नावाच्या फोल्डरमध्ये राहत असे आणि त्याच नावाने ओळखला जाई.

अशा वेळी बहुधा एकच सल्ला मिळे: 'फॉरमॅट मारावा लागेल.' म्हणजे चकती पुसून सारे नव्याने भरायचे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या घरच्या संगणकात मुलांचे प्रकल्प असतात, लग्नाचे फोटो असतात, शिक्षकाचे घर असेल तर श्रीलिपीत टंकलेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात. एका उपद्व्यापी फाईलसाठी हे सारे पणाला लावणे म्हणजे उवा झाल्या म्हणून डोके उडवण्यासारखे आहे. हा कृमी तर अगदी साधा होता. थोडे समजून घेतले, तर तो पंधरा मिनिटांत हाताने काढता येई.

आधी नावाचा घोळ दूर करू. विषाणू म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला किंवा चकतीच्या आरंभीच्या भागाला चिकटून राहणारा प्रोग्राम. १९९० साली भारतात आढळलेला 'जोशी' हा विषाणू असाच होता. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात बसे आणि ५ जानेवारीला संगणक अडवून जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकायला लावी. कृमीला असा यजमान लागत नाही. तो स्वतःच एक पूर्ण प्रोग्राम असतो आणि आपल्या प्रती स्वतःच दुसरीकडे पोचवतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या कृमीने त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवर हाहाकार उडवला होता. कृमीला यजमान नसतो, ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. आपल्या फाईलींत तो मिसळलेला नसतो, त्यामुळे त्याला वेगळा काढता येतो.

मग तो असतो कुठे? चार ठिकाणी. चकतीवर फाईल म्हणून, चालू स्मृतीत धावणारा प्रोग्राम म्हणून, संगणक सुरू होताना काय काय चालवायचे त्या यादीत एक नोंद म्हणून, आणि पेनड्राइव्हवर प्रत म्हणून. यांपैकी एकच जागा साफ केली, तर उरलेल्या जागांतून तो परत येऊ शकतो. 'मी फाईल पुसली होती, तरी पुन्हा आला' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

सुरुवात धावत्या प्रोग्रामपासून करायची. याचे कारण असे, की विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रोग्रामची फाईल पुसता येत नाही. शिवाय कित्येक कृमी जिवंत असताना आपली पुसलेली नोंद पुन्हा लिहून ठेवतात. 'जोशी'च्या बाबतीतही हेच होते. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीत टिकून राही. म्हणून वीज पूर्ण बंद करून, लेखनबंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा लागे.

विंडोज एक्सपीवर त्याच तीन कळा दाबून टास्क मॅनेजर उघडला, की धावत्या प्रोग्रामांची यादी दिसते. आपल्या कृमीने येथे चलाखी केली होती. त्याने 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव घेतले होते. याच नावाचे विंडोजचे स्वतःचे चार-पाच प्रोग्राम नेहमी चालू असतात, आणि त्यांतला नको तो बंद केला, तर संगणक मिनिटभरात स्वतःच बंद होतो. मग चोर ओळखायचा कसा? नाव सारखे असले, तरी मालक वेगळा असतो. खरे प्रोग्राम 'सिस्टिम', 'लोकल सर्व्हिस' किंवा 'नेटवर्क सर्व्हिस' या नावांनी चालतात, तर कृमी मात्र संगणकापुढे बसलेल्या माणसाच्या नावाने चालतो. यादीतला वापरकर्त्याचा रकाना पाहायचा, आपल्या नावापुढचे 'एसव्हीसीहोस्ट' तेवढे निवडायचे आणि बंद करायचे. वर्गात दाखवण्याजोगा हा सर्वांत चांगला भाग आहे, असे आम्हाला वाटते. निरीक्षणावरून निष्कर्ष काढण्याचा धडा येथे आयताच मिळतो.

यानंतर फाईल. हे फोल्डर लपवलेले असे, त्यामुळे 'माय कॉम्प्युटर'मध्ये ते दिसत नसे. पण लपवलेले म्हणजे केवळ यादीत न दाखवलेले. पत्ता ठाऊक असेल, तर तो वरच्या पट्टीत टंकून थेट आत जाता येते. सी ड्राइव्हवरील 'हीप४१ए' असा पत्ता दिला, की सारा संसार समोर येई. तेथल्या फाईली पुसायच्या. आपल्या मार्गाची खातरजमाही येथेच होते, कारण खऱ्या 'एसव्हीसीहोस्ट'ची जागा विंडोज फोल्डरातील 'सिस्टिम३२' ही आहे. त्याला हात लावायचा नाही.

तिसरी जागा नोंदीची. 'रन'मध्ये 'रेजएडिट' टंकले, की विंडोजची नोंदवही उघडते. तिच्यात कृमीच्या फोल्डरचे नाव शोधायचे आणि ते जिच्यात आहे तेवढीच नोंद काढायची. त्याआधी नोंदवहीची प्रत काढून ठेवावी, कारण येथे चूक झाली तर 'अन्डू' नसते. मग संगणक पुन्हा सुरू करून यादी व पत्ता दोन्ही तपासायचे.

आता राहिला पेनड्राइव्ह, आणि खरी गोम येथेच आहे. पेनड्राइव्हवर कृमीच्या प्रतीसोबत 'ऑटोरन' नावाची एक छोटी मजकुराची फाईल असे. हा ड्राइव्ह उघडला की अमुक प्रोग्राम चालव, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. सीडी टाकताच आपोआप सुरू व्हावी, यासाठी केलेली ती सोय. कृमीने तिचा उपयोग दार म्हणून केला. घरी टंकलेली प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन आपण दादरच्या एखाद्या छपाईच्या दुकानात जातो. तिथल्या संगणकाला दिवसभरात असे अनेक पेनड्राइव्ह लागतात. तेथून तो शाळेत आणि संध्याकाळी पुन्हा गिरगावातल्या घरी. म्हणून स्वच्छ केलेल्या संगणकात पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट कळ दाबून धरायची, तो दोनदा टिचकी मारून न उघडता पत्ता टंकून उघडायचा, आणि लपवलेल्या फाईली दिसतील अशी व्यवस्था करून दोन्ही फाईली पुसायच्या. घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह असा तपासायचा.

हा अनुभव मुंबईला नवा नाही. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा घरे धुतली, जंतुनाशके शिंपडली, तरी साथ हटेना. उंदरावरची पिसू रोग वाहून नेते, असे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये सांगितले होते, पण ते सर्वमान्य नव्हते. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पिसवेकडे दुर्लक्ष करून भिंती धुणे आणि पेनड्राइव्ह विसरून संगणक धुणे, यांत फारसा फरक नाही.

मायक्रोसॉफ्टने २००९ च्या विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठीची ही सोय काढून टाकली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपीसाठीही तशी दुरुस्ती दिली. ऑर्कुट तर ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंदच झाले. पण शाळेच्या कपाटात जुना संगणक आणि जुने पेनड्राइव्ह असतील, तर ही कृती अजूनही उपयोगी पडेल.

काही कृमींना मात्र पेनड्राइव्ह लागत नाही. ते जाळ्यातून थेट विंडोजमधल्या छिद्रातून शिरतात. २००३ च्या 'ब्लास्टर' कृमीने हे करून दाखवले. तो शिरू लागला, की संगणक साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू करून बंद होई. येथे आधी जाळ्याची वायर उपटायची, 'शटडाऊन' ही आज्ञा उणे-ए जोडून देऊन मोजणी थांबवायची, मग वरच्याच क्रमाने कृमी काढायचा आणि शेवटी छिद्र बुजवायचे. नाहीतर वायर जोडताच तो पुन्हा हजर होऊ शकतो. छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी दिली होती. 'ब्लास्टर' पसरू लागला ११ ऑगस्टला, म्हणजे त्यानंतर सव्वीस दिवसांनी.