खापरपणजीची खूण

आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? वाचकहो, क्षणभर हा अंक बाजूला ठेवा नि आठवून पाहा. मी आठवून पाहिले आणि ओशाळलो. आमच्या घराण्याचा चांगला जाडजूड कुलवृत्तांत आहे. पण त्यात विद्या, व्यवसाय, स्थलांतर सारे पुरुषांचे. बायकांच्या वाट्याला एकच ओळ : अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या घराण्यांतील लोकांनाही हीच अडचण पडते. त्यांचे पूर्वज प्युरिटन. इंग्लंडच्या चर्चमधले कर्मकांड नको, धर्म शुद्ध हवा, असे म्हणत १६३० नंतर ते हजारोंनी समुद्र ओलांडून आले. मोठे टिपणखोर लोक! बाप्तिस्मा, लग्न, जमिनीची खरेदी, मृत्युपत्र, सारे त्यांनी लिहून ठेवले. पण त्या कागदांतून बाई शोधायची म्हणजे दिव्यच. लग्न झाले की तिचे आडनाव बदले. जमीन नवऱ्याच्या नावावर. नवरा जिवंत असता तिला सहसा स्वतःचे मृत्युपत्रही करता येत नसे. बाप मृत्युपत्रात मुलीचा उल्लेख सासरच्या आडनावाने करी, तोच काय तो धागा. त्यात वर्ष सुरू होई २५ मार्चला, त्यामुळे फेब्रुवारीतला जन्म कोणत्या सालातला, हाही घोळ! आणि बायबल वाचता यावे म्हणून मुलींना वाचायला शिकवीत, पण लिहायला पुष्कळदा शिकवीत नसत. मग तिची पत्रे, तिची रोजनिशी मिळायची कोठून?

अशाच एका खापरपणजीची, रिबेका नर्सची, ही हकीकत.

तिचे माहेरचे आडनाव टाउन. इंग्लंडमधील ग्रेट यारमथ येथे १६२१ च्या फेब्रुवारीत तिचा बाप्तिस्मा झाला. आईबापांबरोबर ती सेलेमला आली, फ्रान्सिस नर्सशी तिचे लग्न झाले, आठ मुले झाली. नवरा लाकडी तबके नि घरगुती भांडी करणारा कारागीर. १६७८ मध्ये या कुटुंबाने सेलेम गावाबाहेरची ३०० एकरांची शेती हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीवर घेतली. सत्तर वर्षांचे आयुष्य, आणि ते एवढ्या चार ओळींत संपते! ती कशी बोले, कशाने हसे, नातवंडांना काय म्हणे, याचा कागदोपत्री पत्ता नाही. सुखाने घरात मेली असती, तर तिचा एक शब्दही आपल्या कानी आला नसता.

पण १६९२ साल उजाडले. गावातल्या काही मुलींना झटके येऊ लागले आणि चेटकिणींची नावे घेतली जाऊ लागली. मार्चमध्ये काही शेजारी रिबेकाला भेटायला गेले. ती आठनऊ दिवस आजारी होती. तिने आधी त्या मुलींचीच विचारपूस केली. तुझेही नाव घेतले गेले आहे, असे त्यांनी सांगताच ती काही वेळ दिङ्मूढ होऊन बसली. मग म्हणाली की, देवाची इच्छा असेल तसे होवो, पण आपल्या हातून असे कोणते पाप घडले की म्हातारपणी हे भोगावे? शेजाऱ्यांनी हे लिहून काढले. ७१ व्या वर्षी ती प्रथमच आपल्याशी बोलते, ती अशी!

पुढचे कागद वाचवत नाहीत. ३९ शेजाऱ्यांनी तिच्या सच्छीलपणाबद्दल अर्जावर सह्या केल्या. त्यांत फिर्यादी पटनम घराण्यातलेही काही होते. तिच्या घरातल्या एका बाईने सांगितले की, एक साक्षीदार बाई स्वतःच कपड्यांतून टाचण्या काढून गुडघ्यांना टोचून घेत होती. जूनअखेर पंचांनी निर्दोष म्हणून निकाल दिला. तोच कोर्टात आरडाओरडा झाला. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी पंचांना तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितले. एका कैदी बाईला साक्षीला आणलेले पाहून, ही तर आमच्यातलीच, अशा अर्थाचे रिबेका काही बोलली होती. म्हणजे चेटकिणींतली? पंचांनी तिला विचारले. ती गप्प राहिली. निकाल फिरला. मागाहून तिने कळवले : आपल्याला ऐकू कमी येते, दुःखाने मन भरून गेले होते, प्रश्न कळलाच नाही, आमच्यातली म्हणजे आमच्याबरोबरची कैदी. पण व्यर्थ. ३ जुलैला चर्चने तिला बहिष्कृत केले आणि १९ जुलैला आणखी चौघींबरोबर तिला फाशी दिले. सप्टेंबरात तिची बहीण मेरी ईस्टी हीही त्याच वाटेने गेली.

त्या खटल्यांचे कागद आज व्हर्जिनिया विद्यापीठाने संगणकावर खुले केले आहेत. त्यांत रिबेकाचा कोर्टाला केलेला अर्ज आहे. मजकूर दुसऱ्याच्या हातचा. सहीच्या जागी तिची नुसती खूण. त्या खुणेपाशी मी किती वेळ थांबलो होतो!

तिची मुले मात्र स्वस्थ बसली नाहीत. आरोप करणाऱ्या ॲन पटनमने १७०६ मध्ये चर्चमध्ये माफी मागितली. १७११ मध्ये शिक्षा रद्द होऊन कुटुंबाला २५ पौंड भरपाई मिळाली. १७१२ मध्ये बहिष्कार उठला. १८८५ मध्ये वंशजांनी तिच्या शेतावर स्मारक उभारले. ती जागा आज डॅनव्हर्स गावात आहे, आणि वंशज अजून तेथे येतात.

मुले होती म्हणून हे झाले. नसती तर? याचेही उत्तर त्याच कागदांत आहे. अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन हिलाही १६९३ मध्ये दोषी ठरवले होते. फाशी टळली, पण कलंक राहिला. १७१२ मध्ये तिने स्वतः अर्ज केला, तरी नाव सुटले नाही. ती अविवाहित; मागे कोणी नव्हते. अखेर शाळेतल्या आठवीच्या मुलांनी तिची बाजू उचलून धरली आणि २०२२ मध्ये, म्हणजे ३२९ वर्षांनी, कायद्याने ती निर्दोष ठरली. त्या मुलांचे तिच्याशी रक्ताचे नाते ते काय? काहीच नाही.

मी कुलवृत्तांत पुन्हा उघडला. पणजीच्या त्या एका ओळीपुढे समासात भरपूर कोरी जागा आहे. थोरल्या आत्याबाई नव्वदीच्या पुढे आहेत. दिवाळीचा फराळ घेऊन जाईन, तेव्हा वही-पेन्सिलही नेणार आहे.