तळपेशींचा कर्करोग : सूक्ष्मदर्शकाखालीं

नाकाच्या कडेस किंवा पापणीवर मोत्यासारखी चकाकणारी एखादी बारीक गांठ उठते. तिच्यावर खपली धरते, गळून पडते, पुन्हां धरते. दुखत नाहीं, म्हणून माणूस तिकडे लक्ष देत नाहीं. असल्या चिवट व्रणांचें वर्णन डब्लिनच्या आर्थर जेकब यांनीं १८२७ सालीं केलें. आज त्या रोगास तळपेशींचा कर्करोग म्हणतात. गौरवर्णीय लोकांत तो फार आढळतो. आपल्याकडे त्या मानानें विरळ. मात्र सांवळ्या कातडीवर ही गांठ पुष्कळदां काळसर असते आणि तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिली जाते. खरा निर्णय होतो तो सूक्ष्मदर्शकाखालींच.

गांठीचा तुकडा काढून मद्यार्कानें त्यांतील पाण्याचा अंश घालवितात, तो मेणांत बसवितात आणि मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतका पातळ काप घेतात. हिमॅटॉक्सिलिन हा रंग पेशींच्या केंद्रकांना निळा करतो. इओसिन बाकीच्या भागास गुलाबी करतो.

बाह्यत्वचेच्या अगदीं तळाशीं पेशींची एक ओळ असते. तेथें नव्या पेशी निर्माण होतात. गांठींतील पेशी दिसावयास तशाच : केंद्रक मोठें व गडद, भोंवतीं पेशीरस थोडा. म्हणूनच रोगाला हें नांव. परंतु येथें त्या अंतस्त्वचेंत उतरून निळ्या बेटांसारखे पुंजके करतात. पुंजक्याच्या आंत सारा गोंधळ. पण कडेला पेशी कुंपणाच्या खुंटांप्रमाणें रांगेनें उभ्या. ही रांग या रोगाची मुख्य खूण.

दुसरी खूण मौजेची आहे. बेट आणि भोंवतालचा तंतुमय भाग यांच्यामध्यें पांढरी फट दिसते. जिवंत शरीरांत तेथें बुळबुळीत द्रव्य असतें. काप तयार करतांना तें आकसतें व फट पडते. म्हणजे तयारींतील दोषच निदानास साह्य करतो!

सर्वच गांठी अशा सुबक नसतात. कांहींत बेटांऐवजीं पेशींचे बारीक धागे घट्ट तंतूंमधून दूरवर शिरलेले असतात. कुंपणाची ती रांग बहुधा दिसत नाहीं. बाहेरून व्रण लहान, आंत पसारा मोठा. खरें संकट तें हेंच. हा रोग दूरच्या अवयवांत फारच क्वचित् पसरतो, पण जागच्या जागीं कूर्चा व हाडहि पोखरतो. म्हणून काढलेल्या तुकड्याची कड विकृतिशास्त्रज्ञ बारकाईनें तपासतो; पेशी कडेपर्यंत पोहोंचल्या असतील, तर कांहीं रोग मागें राहिला असण्याचा संभव असतो. फ्रेडरिक मोझ या अमेरिकन शल्यवैद्यानें एकेक थर कापून, तो तपासूनच पुढें जाण्याची पद्धत १९४१ सालीं प्रसिद्ध केली, ती याचसाठीं.

तेव्हां महिनाभरांत न भरणारा व्रण, मग तो दुखो वा न दुखो, डॉक्टरांस अवश्य दाखवावा. गांठ जितकी लहान, तितका काप लहान. आणि नाक-डोळे शाबूत राहण्याची आशा तितकी मोठी.