लॉची प्रवेश परीक्षा आणि गोष्ट वाचायची सवय

मंडळी, कथा लिहिणारा माणूस लॉच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी कशी काय घेतो, हे मला मलकापुरात हमखास विचारतात. त्याचं उत्तर प्रश्नपत्रिकेतच आहे. ‘क्लॅट’ या राष्ट्रीय परीक्षेत २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर येतात. आता १२० प्रश्न, वेळ दोन तास. कायद्याच्या विभागात लागणारा नियम उताऱ्यातच दिलेला असतो. कलमं पाठ असण्याची अपेक्षाच नाही. तरी आपली पोरं वर्षभर कलमंच घोकत बसतात.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे पावसाला तोटा नाही, तेव्हा छत्रीचंच घेऊ. नियम असा: दुसऱ्याच्या कब्जातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. घटना अशी: एसटी स्टँडवर एकाने आपली समजून दुसऱ्याची काळी छत्री उचलली. चोरी झाली का?

वर्गात निम्मे हात ‘हो’ला वर जातात. का, तर ‘सर, त्याने नीट बघायला पाहिजे होतं.’ अरे, पण नियमात तसं कुठे म्हटलंय? हेतू अप्रामाणिक नाही, म्हणून चोरी नाही. पुढे घरी गेल्यावर त्याला कळलं, छत्री दुसऱ्याची आहे. आणि तरीही त्याने ती ठेवून घेतली. आता मात्र गुन्हा आहे, पण चोरीचा नव्हे, अपहाराचा. वस्तू तीच, माणूस तोच. मनात काय होतं आणि केव्हा, एवढंच बदललं. कथा लिहिणाऱ्याचं सगळं आयुष्य याच दोन प्रश्नांत जातं!

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. त्यातला सामंत साक्षीला उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. आपली मुलं उत्तरपत्रिकेत नेमकं तेच करतात. उताऱ्यात नसलेलं स्वतःच्या पदरचं घालतात. हुशार मुलं तर जास्तच, कारण त्यांना सुचतंही जास्त.

म्हणून मी त्यांना आधी लिहायला लावतो. छत्रीचा प्रसंग एकदा उचलणाऱ्याच्या तोंडून, एकदा जिची छत्री गेली तिच्या तोंडून. मग दोन्हीतलं प्रत्यक्ष घडलेलं तेवढं अधोरेखित करायचं. पहिल्या आठवड्यात पानभर रेघा मारतात, हळूहळू चार ओळींवर येतात.

मराठी माध्यमाच्या मुलांना एक सांगतो. क्लॅट इंग्रजीतच असते. राज्याची सीईटी, इंग्रजी भाषेचा भाग सोडला, तर मराठीतही देता येते. तिथे ‘कब्जा’ आणि ‘मालकी’ हे शब्द वेगळे आहेत, घाईत एक समजू नका. आणि क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.